पुढची हाक, मागची साद

मोउ काकांनी पुतळ्याला बाजूला व्हायला सांगितलं, त्या सकाळी मी तांदळाच्या वड्यांवर मिरचीचं तेल सोडत होते. माझी गाडी घाट आणि देऊळ यांच्या मधोमध आहे, पायऱ्या दम खायला जरा सपाट होतात तिथं. म्याओतानला बोटीतून उतरलेला प्रत्येक पाहुणा इथवर येऊन धापा टाकतो आणि धाप लागली की भूक लागते, म्हणून माझं बरं चाललंय. डोल्याही इथंच टेकतात.

खालून काकांची हाक आली.

"डोंगर उभा छाती काढून..."

तिच्यामागून शियांग काकांची साद.

"जातो त्याच्या खांद्यावर चढून."

मग डोली दिसली. पुढे मोउ दाखुन, मागे शियांग चोंगवू, आणि मध्ये, बांबूच्या दोन दांड्यांना टांगलेल्या खुर्चीत, छत्री धरलेली एक गोरटेली बाई. सपाटीवर पाय ठेवताच काकांनी मान ताठ करून पुढची हाक दिली.

"समोर पाव्हणा दोन पायांचा..."

वाटेत माणूस उभा असला की ही हाक द्यायची. मागच्यानं म्हणायचं, "मान त्याला, रस्ता आमचा," आणि तेवढ्यात माणूस हसत बाजूला होतो. त्या दिवशी शियांग काकांची साद आली नाही. समोरचा पाहुणाही हलला नाही.

"ओ भाऊ," काका म्हणाले, "ऐकू येत नाही का? डोली आहे. जरा भिंतीकडं सरका."

पाहुणा ढिम्म. हलणार कसा? गाव चालवणाऱ्या कंपनीनं आदल्या दिवशीच त्याला तिथं सिमेंटमध्ये रोवलं होतं. पितळी रंग, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, खांद्यावर दांडीचं पुढचं टोक. पाहुण्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढावेत म्हणून बसवलेला डोलीवाला. आणि गेल्या उन्हाळ्यात ज्याला चारही बाजूंनी न्याहाळून तो घडवला, तो माणूस म्हणजे मोउ काकाच.

पायऱ्यांवर बसलेली पाहुण्यांची टोळी खो खो हसली. क्षणभर काकांचा चेहरा कोरा पडला. मग डोली खांद्यावर असतानाच ते गुडघ्यात किंचित वाकले आणि त्यांनी पुतळ्यापुढं मान लववली.

"माफी असावी, थोरले. चेहरा ओळखीचा वाटला, पण आमच्या गावात इतका देखणा कोण, तेच कळेना."

आता टाळ्याही पडल्या. डोलीतल्या बाईनं छत्री मिटवून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग. मला तसं वाटलं नाही. शियांग काकांनाही वाटलं नाही. डोली टेकवून त्यांनी गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं आणि पंच्याआडून माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या वाटीत जास्तीचा लसूण घातला.

मोउ काकांचा आवाज ही आमच्या गावातली वेळ सांगणारी गोष्ट आहे. सकाळची पहिली बोट लागली की घाटावरून तो वर चढायला लागतो आणि बाया चुलीवर भात ठेवतात. त्यांचे वडील दोर खांद्यावर घेऊन नदीकाठानं मिठाच्या नावा ओढायचे. इंजिनं आली, दोर सुटले. त्या वेळी मिसरूड फुटलेले काका डोलीच्या दांडीखाली शिरले ते आजतागायत. डोली त्यांना सासऱ्यांनी शिकवली. थान काकू, म्हणजे त्यांची बायको, अजून म्हणते, "माझ्या बापानं जावई कुठं पसंत केला? आवाज पसंत केला. बाकीचं माणूस आवाजाबरोबर घरात आलं."

काकांनी काय वाहिलं नाही? तेलाचे बुधले वाहिले, बोटीवर चढायला नाखूष असलेली डुकरं वाहिली, नवऱ्या वाहिल्या, तापानं फणफणलेले म्हातारे वाहिले. माझ्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला दवाखान्याच्या बोटीपर्यंत त्यांनीच नेलं. वाटभर ओरडत होते, "एका खुर्चीत दोन पाव्हणे..." आणि शियांग काका मागून, "दुसरा अजून डोकावेना." आई कळांमध्येही हसत होती म्हणे. मी बोटीवर जन्मले. काका अजून गाडीपाशी येऊन ऐकवतात, "निंग, तुझी पहिली स्वारी आमच्याच डोलीतून. आणि तेव्हा तू आतापेक्षा हलकी होतीस."

आता मीठ नाही, तेल नाही. पाहुणे आहेत. गावातली काही म्हातारी माणसं त्यावर उसासे टाकतात. काकांना विचारलं तर म्हणतात, "पोत्याला तोंड नव्हतं. पाहुण्याला तोंड आहे. चढ तोच आहे, आता सोबत मिळते." डोलीत बसायला लाजणारे पाहुणे रोज असतात. परवा एक कॉलेजातली मुलगी मागे मागे सरत होती. पाय मुरगळलेला, पण बसेना.

"माझ्या आजोबांच्या वयाचे आहात तुम्ही. मी कशी बसू?"

"आजोबांनी कधी उचललं नाही का तुला?" काका म्हणाले.

मुलगी बसली.

आता हाकेचं. डोलीत बसलेला माणूस मागच्या डोलीवाल्याच्या तोंडासमोर भिंतीसारखा असतो. मागच्याला पायरी दिसत नाही, डबकं दिसत नाही, वळण दिसत नाही. दिसतं ते पाहुण्याचं डोकं. शियांग काका म्हणतात, "लोक जग बघायला इथं येतात आणि मी जगाची टकलं बघतो." म्हणून पुढच्यानं वाट पाहायची आणि ती बोलून दाखवायची, मागच्यानं जुळणारी ओळ म्हणून कळवायचं की समजलं. तेही सरळ नावानं नाही. घसरडं आहे असं म्हटलं तर बसलेला घाबरतो, आणि घाबरलेला माणूस दुप्पट जड होतो. म्हणून डबकं दिसलं की "खाली पडलंय आभाळ," त्यावर "पाय उचलून सांभाळ." शेवाळ असलं की "दगडाला फुटली हिरवी दाढी," त्यावर "टाच रोवून ओढू गाडी." पुढचा हा जोडीचा डोळा. लग्नकार्यात डोलीवाल्यांच्या पंगतीत मक्याची दारू आधी पुढच्याच्या पेल्यात पडते आणि जोडीचं नावही त्याच्याच नावानं निघतं. गावात कुणी "शियांगची डोली" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मोउची डोली. तिच्या मागच्या टोकाला शियांग.

पुतळ्याच्या प्रकारानंतर, दुपारी, दोघं माझ्या गाडीमागच्या सावलीत बसले. मी भांडी घासत होते. मला ऐकू यावं अशी त्यांची इच्छा नसावी, पण पाणी बंद करावं अशी माझीही नव्हती, म्हणून मी बारीक धार ठेवली.

"कुठला डोळा?" शियांग काकांनी विचारलं.

"कसला डोळा?"

"दाखुनदादा, मी मागं असतो. मला एरवीही काही दिसत नाही. पण न दिसणं कसं असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मोउ काकांनी काडीनं दात कोरले. "उजवा. डावाही काही फार शहाणा नाही."

"कधीपासून?"

"वसंतापासून धुकं आहे. पण पायऱ्या मला डोळ्यांनी कुठं लागतात? पायांना पाठ आहेत."

"पुतळा पाठ नव्हता."

काकांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. "निंग, किती वेळ तेच भांडं घासतेस? भोक पडेल."

थान काकूला सगळं ठाऊक होतं. तिनंच त्यांना जिल्ह्याच्या गावी डॉक्टरकडं नेलं होतं. मोतीबिंदू. साधं काम आहे, डॉक्टर म्हणाला, पण नंतर महिनाभर ओझं उचलायचं नाही. काकांनी विचारलं, "चहाचा कप उचललेला चालेल ना?" आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी दांडी खांद्यावर घेतली. शरदातल्या मोठ्या सुट्या तोंडावर आल्या होत्या. तेव्हा म्याओतानच्या पायऱ्यांवर पाहुण्याच्या खांद्यावर पाहुणा असतो.

कंपनीच्या खुआंग मॅनेजर आल्या त्या त्याच आठवड्यात. बाई दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या. आमचं तिखट खाताना डोळ्यांतून पाणी काढतात, पण वाटी पुरी करतात. त्यांनी सगळ्या डोलीवाल्यांना सपाटीवर गोळा केलं.

"सुट्या सुरू व्हायच्या आधी साठीच्या वरच्या जोड्यांची चाचणी होईल. घाटापासून देवळाच्या दारापर्यंत खरा पाहुणा घेऊन यायचं, मी बरोबर चालणार. पुढच्या माणसाची नजर आधी तपासणार."

"आणि नापास झालं तर?" कुणीतरी विचारलं.

"तर ती जोडी थांबेल. दांड्या नव्या मुलांकडं जातील." त्यांनी जरा आवाज खाली आणला. "वरच्या खोऱ्यातल्या एका गावात डोली उलटली, काका. आत सात वर्षांची मुलगी होती. ती वाचली. मला इथं तशी बातमी नको आहे."

बाईंचं चुकत नव्हतं. म्हणूनच मोउ काकांना तोंडावर काही बोलता आलं नाही. त्या गेल्यावर माझ्या गाडीशी येऊन मला म्हणाले.

"नव्या मुलांचा पोशाख पाहिलास? रेशमी पट्टा. एकाला तर मी पायऱ्यांवरच्या दोरीला धरून उतरताना पाहिलंय."

"ती मुलं जाऊ देत," थान काकू म्हणाली. ती त्यांचा डबा घेऊन आली होती. "तुम्ही सांगा. डोळा आत्ता करून आलात तर चाचणी चुकते. नाही केलात तर चाचणीत नापास. काय करणार आहात?"

"नापास कोण होतंय?"

"पाटी वाचायला सांगतील."

"पाठ करीन."

"कुठली पाटी ते ठाऊक आहे का?"

"गावातल्या सगळ्याच पाठ करीन. आहेत किती?"

"आणि वाटेत कुणाचं पोर आडवं आलं तर? त्यालाही पाठ करणार?"

काकांनी डब्याचं झाकण उघडलं, धुरावर सुकवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा काढला आणि तोंडात टाकला. चघळायला पुष्कळ वेळ लावला. पंचेचाळीसेक वर्षं ज्या दांडीखाली खांद्याला घट्टा पडला, ती दांडी आठवडाभरात कुणा रेशमी पट्ट्याच्या खांद्यावर जाणार होती. पोटाचा प्रश्न नव्हता, मुलगा शहरात कमावता आहे. पण सकाळची पहिली बोट लागल्यावर काकांनी करायचं काय? पुतळ्याशेजारी बसायचं?

तेव्हा, आत्तापर्यंत नुसते वड्या खात असलेले शियांग काका बोलले.

"मी पुढं जातो."

तिघंही त्यांच्याकडं बघायला लागलो.

"नजर पुढच्याची तपासणार आहेत. माझी ठीक आहे. दादा मागं येईल. मागं डोळ्यांचा उपयोग काय? थंडीत पाहुणे कमी झाले की डोळा करून घ्यायचा."

"तू पुढं," मोउ काका म्हणाले. "जन्मात एक हाक दिली आहेस का? लग्नात बायकोला हाक मारायची वेळ आली तरी तू माझ्याकडं बघत होतास."

"मग शिकीन."

"या वयात?"

"तुझ्या वयात पुतळ्याशी बोलतात. माझ्या वयात हाका शिकतात."

थान काकूला ठसका लागला. मोउ काका उठले, पंचा झटकला, आणि मला म्हणाले, "निंग, गाडी झाक. बस डोलीत. बघू या साहेबांची मिजास."

म्हणून तालमीला डोलीत मी. खरं सांगते, बांबू कुरकुरला की मी दोन्ही दांड्या घट्ट धरायची. शियांग काका पुढे, त्यांची रुंद पाठ माझ्यासमोर. मागून मोउ काकांचा श्वास कानाजवळ. घाटापासून निघालो. चार पावलं नीट गेली, आणि मग सांडपाण्याच्या डबक्यापाशी डोली थांबली. थांबली ती थांबलीच. आम्ही तिघंही हवेत लटकल्यासारखे. शेजारून एक कुत्रं निवांत वर निघून गेलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मला काय माहीत," मोउ काका मागून म्हणाले. "चोंगवू, का थांबलास?"

"तू बोलला नाहीस."

"मी का बोलू? तू पुढं आहेस."

शियांग काकांचे कान लाल झालेले मला दिसत होते. इतकी वर्षं त्यांचे पाय मोउ काकांच्या हाकेवर उचलले गेले होते. आता डबकं त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते मागून हाक यायची वाट बघत उभे होते. डोळे होते, पण परवानगी नव्हती, असं काहीतरी.

"बोल," मोउ काका म्हणाले. "काय दिसतंय?"

"पाणी."

"पाणी काय पाणी? डबक्याला कुणी नावानं हाक मारतं का? अशानं पाहुणा उडी मारेल खाली."

"मग काय म्हणू?"

"मी काय म्हणायचो इतकी वर्षं?"

"तू म्हणायचास, खाली पडलंय आभाळ."

"मग म्हण ना."

"ते तुझं आहे."

ज्याला हे बाहेरून दिसतं त्याला हसू येईल, पण आमच्या डोलीवाल्यांत हे असंच आहे. हाका पुढच्याच्या. त्या उचलायच्या नसतात. दुसऱ्या जोडीची हाक कुणी परस्पर वापरली तर घाटावर बोलाचाली होते, मी पाहिली आहे. मोउ काकांना त्यांच्या हाका सासऱ्यांनी दिल्या होत्या, दांडीसकट, भर पंगतीत. शियांग काकांनी त्या रोज ऐकल्या, रोज त्यांना साद दिली, त्यांतला शब्द न् शब्द त्यांना येत होता. पण कुणी दिल्या नव्हत्या.

माझ्या कानामागून आवाज आला, हळू, नेहमीचा टणत्कार नसलेला.

"दिल्या. सगळ्या. घे आता, पोरीचे पाय लोंबकळतायत."

आणि शियांग काकांनी घसा खाकरून, शाळेत पुस्तक वाचणाऱ्या मुलासारखं म्हटलं, "खाली पडलंय आभाळ."

मागून साद येईना. मी वळून बघितलं. मोउ काका डोळे मिटून ओठ हलवत होते.

"काका, साद."

"देतो, देतो. मला ती कधी स्वतः म्हणावी लागली नव्हती."

त्या दिवशी आम्ही घाटापासून माझ्या गाडीपर्यंत यायला इतका वेळ लावला, की थान काकू शोधायला खाली आली. रोज दिवे लागायच्या आधी तालीम चालली. मी वड्यांचा व्यवसाय सोडून पोतं म्हणून नोकरीला लागले होते. हळूहळू पाय जुळले. शियांग काकांचा आवाज मोउ काकांसारखा उंच उडत नाही, तो पायरीवरून पायरीवर चालत येतो, पण येतो. आणि मोउ काकांना मागे एक नवीनच चैन सापडली. हाकेची जबाबदारी गेल्यामुळं त्यांचं तोंड रिकामं झालं. ते डोलीतल्या माणसाशी गप्पा मारायला लागले. माझ्या मानेवरचा तीळ त्यांनी शोधून काढला आणि तो सासरी लाभदायक आहे असं मला तीनदा सांगितलं.

चाचणीच्या दिवशी खुआंग मॅनेजरनी घाटावरून दूरच्या मीठवाल्यांच्या सभागृहाची पाटी दाखवली. शियांग काकांनी ती वाचली, खालची बारीक ओळही वाचली, आणि विचारलं नसताना तिच्यावर बसलेला पक्षीही सांगितला. पाहुणा म्हणून बाईंनी उत्तरेचा, हारबिनचा एक माणूस गाठला होता. तोंग त्याचं नाव. उंची दाराएवढी, रुंदीही दाराएवढी. तो डोलीकडं बघून संकोचला.

"काका, मी जड आहे हो."

"आम्ही डुकरं वाहिली आहेत," मोउ काका मागून म्हणाले. "ती तर स्वतःहून सांगतही नसत."

तोंग हसत हसत बसला. दांड्या धनुष्यासारख्या वाकल्या.

मी गाडीपाशी उभी होते. हाक खालून चढत आली, आणि पहिल्यांदाच गावात सकाळी तो दुसरा आवाज चढत होता. भाजीवाली माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं, आज हा कोण?" मी म्हटलं, "मोउची डोली." माझ्या तोंडून सवयीनं निघालं.

नेमका सपाटीवर घोळ होता. एका फोटोवाल्यानं एक नवरी आणून बसवली होती. पांढरा, फुगलेला, परदेशी झगा. त्याचा घोळ तिनं पायऱ्यांवर पसरला होता, भिंतीपासून माझ्या गाडीच्या चाकापर्यंत. डोलीला जागा होती ती नदीच्या कठड्याकडं, एका पावलाची. फोटोवाला झग्याची टोकं मांडण्यात मग्न. मी ओरडणार होते, पण खुआंग मॅनेजर डोलीच्या बाजूनं चालत होत्या आणि चाचणी माझी नव्हती.

शियांग काकांचं शेवटच्या पायरीवर पाऊल पडलं. त्यांना झगा दिसला. डोली थांबली.

मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते मनात सगळ्या हाका चाळत होते. आभाळ नाही. दाढी नाही. दोन पायांचा पाव्हणा नाही, नवरीचे पाय कुठं दिसतच नव्हते. सासऱ्यांनी मोउ काकांना दिलेल्या, मोउ काकांनी त्यांना दिलेल्या हाकांत या गोष्टीला नाव नव्हतं. आणि मागं मोउ काका. समोर तोंगची पाठ, कपाटासारखी. काय अडलंय त्यांना कळत नव्हतं. तोंड उघडलेलं मी पाहिलं. पंचेचाळीस वर्षांची सवय ओठांवर आली होती. ते बोलले असते तर सगळं संपलं असतं, कारण मग पुढचा कोण आणि मागचा कोण हे बाईंना त्याच क्षणी कळलं असतं. पाठीमागच्या हाकेवर चालणारी डोली कोण पास करणार?

त्यांनी तोंड मिटलं. दांडीवरचा हात आवळला, आणि वाट पाहिली. उभ्या आयुष्यात हे काम त्यांनी प्रथमच केलं असावं.

"पायरीवर..." शियांग काकांचा आवाज चिरका आला. त्यांनी परत सुरुवात केली. "पायरीवर उतरला ढग..."

ढग म्हणजे काय, हे मोउ काकांना कसं कळावं? धूर, मेंढ्या, वाफवलेल्या पावांची टोपली, काहीही असेल. पण दांडीतून शियांग काकांचं वजन नदीकडं झुकल्याचं त्यांच्या खांद्याला कळलं, आणि त्यांचा जुना, टणक आवाज सपाटीवर घुमला.

"बाजूला बस बाबा, आम्हाला लगबग."

फोटोवाला दचकून उठला. नवरीनं दोन्ही हातांनी ढग गोळा केला. डोली कठड्याकडून, एका पावलाच्या जागेतून, तोंगचा गुडघासुद्धा न घासता निघून गेली. तोंग टाळ्या वाजवत होता. खुआंग मॅनेजर तिथंच थांबल्या होत्या. त्या पुतळ्याकडं बघत होत्या.

देवळाच्या दारी जाऊन, पाहुणा उतरवून, सगळे परत माझ्या गाडीशी आले. बाईंनी वाटी मागितली, तिखट कमी.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "पुतळ्यात पुढं मोउ काका आहेत."

शियांग काकांनी वाटीत डोकं घातलं.

"आहे खरा," मोउ काका म्हणाले. "त्याला सांगा जागा बदलायला. आम्ही बदलली."

"का बदलली?"

मला वाटलं, आता काहीतरी गंमत करून निसटतील. काकांनी वाटी खाली ठेवली.

"माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, मॅनेजर. डावाही धूसर आहे. पुढं चालायला मी आता नालायक आहे, हे मला तुमच्या आधी कळायला हवं होतं. कळलं त्या पुतळ्यामुळं. पण मागं डोळे लागत नाहीत. मागं कान, खांदा आणि भरवसा लागतो. तिन्ही माझ्याकडं आहेत. आत्ता पाहिलंत तुम्ही."

थान काकू हातातला डबा घेऊन उभी होती, तिनं तो पोटाशी धरला. बाई वड्या चघळत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते लसणाचं.

"नियम पुढच्या माणसाच्या नजरेचा आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि पुढच्याची नजर उत्तम आहे. त्यानं पक्षीसुद्धा सांगितला. सुट्यांत चाला. थंडीत डोळा करून घ्यायचा. वसंतात मी पुन्हा बघणार, दोघांनाही."

"बघा की," मोउ काका म्हणाले. "तोवर मीही तुम्हाला नीट बघीन."

बाई गेल्यावर ते शियांग काकांकडं वळले.

"ढग म्हणजे काय होतं रे?"

"नवरी."

"नवरी? अरे मग मेल्या, नवरीला बाबा म्हणालो मी."

"तिला आवडलं असावं. जागा दिली."

सुट्या गेल्या. थंडीच्या पहिल्या धुक्यात काकांनी डोळा करून घेतला. महिनाभर ते माझ्या गाडीशेजारी बसून सगळ्या जोड्यांच्या हाकांना नावं ठेवत होते, आणि चहाचा कप तेवढा उचलत होते. शियांग काकांनी त्या महिन्यात दुसऱ्या कुणाबरोबर दांडी घेतली नाही. सुपारीच्या कातरणासारखे बांबू तासून त्यांनी खुर्चीची नवी बैठक विणली.

वसंतातल्या पहिल्या बोटीच्या दिवशी दोघं दांड्या घेऊन सपाटीवर आले. थान काकूही आली होती, आपण भाजीला आलो आहोत असं दाखवत. आम्हा सगळ्यांच्या मनात एकच होतं. आता डोळा स्वच्छ. आता पुढं कोण?

मोउ काका आधी पुतळ्याजवळ गेले. त्याला पहिल्यांदाच नीट बघत होते. अगदी नाकाला नाक लावून पाहिलं.

"नाक माझं नाही हे."

"तुझंच आहे," थान काकू म्हणाली. "मी इतकी वर्षं बघतेय."

काकांनी स्वतःचं नाक चाचपलं. मग चालत चालत डोलीच्या मागच्या टोकाला गेले आणि वाकून दांडीखाली खांदा घातला.

"दादा," शियांग काका म्हणाले, "पुढं ये ना. हाका तुझ्या आहेत."

"दिलेलं परत घेत नाहीत. आणि पुढं तो तिथं उभा आहेच की मी. दोन-दोन ठिकाणी पुढं कशाला?" त्यांनी दांडी खांद्यावरच्या घट्ट्यात बसवली. "शिवाय मागं गप्पा मारता येतात. चल, बोट लागली."

खाली जाऊन ते पाहुणा घेऊन आले. कोण होतं ते मला आठवत नाही. हाक चढत आली, आभाळ, दाढी, डोंगर, आणि सपाटीवर पाय ठेवताना शियांग काकांनी पुतळ्याकडं पाहिलं. जुनी हाक तोंडात आली असणार. ती त्यांनी गिळली आणि स्वतःची दिली.

"समोर पाव्हणा, जागचा हलेना..."

मागून मोउ काकांनी, क्षणाचाही वेळ न लावता, घाटापर्यंत ऐकू जाईल अशी साद दिली.

"हट्टी आहे मेला, वळसा घे ना."

आणि मोउची डोली, की शियांगची, पुतळ्याला वळसा घालून वर गेली.